यंत्राचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपण देवळापुरता राखून ठेवला आहे. गर्भागाराची भिंत खचते, दीपस्तंभाचा चुना सुटतो, कौलांतून पाणी ठिबकू लागते. मग महाजनांची सभा भरते, वर्गणीचा आकडा ठरतो आणि गवंड्याला बोलावणे जाते. परंतु गवंड्याने पहिला चिरा हलविण्यापूर्वी एक विधी करावा लागतो. मूर्तीत वसणारी देवतेची कला मंत्रांनी कलशात आकर्षून घ्यावयाची, तो कलश तात्पुरत्या जागी स्थापावयाचा, तेथे नित्य पूजा चालू ठेवावयाची, आणि देऊळ सिद्ध झाले म्हणजे ती कला पुन्हा मूर्तीत आणावयाची. याला कलाकर्षण म्हणतात. त्याचा शास्त्रार्थ जाणत्यांनी सांगावा. मला त्यातील व्यवहार फार थोर वाटतो. आत जे आहे ते आधी सुरक्षित करा, भिंतीला हात मागाहून लावा, एवढाच तो व्यवहार आहे.

गेल्या हिवाळ्यात भोपाळ येथे आमच्या घरी एका लॅपटॉपच्या बाबतीत हाच क्रम पाळावा लागला. यंत्राची गोष्ट देवळाच्या मासल्याने सांगतो आहे म्हणून कोणी रागावू नये. त्या यंत्रात जे होते ते आमच्या कुटुंबाला देवघरातील संपुटाइतकेच मोलाचे होते.

आमचे घराणे मूळचे अंत्रुज महालातील. आजोबा पोटापाण्यासाठी नागपुरास आले आणि वडील तेथील सचिवालयात कारकून झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ ठरली. दप्तरांच्या गाठोड्यांबरोबर कितीतरी मराठी बिऱ्हाडे तेव्हा येथे आली, त्यांत आमचेही आले. तात्या टोपे नगरातील सरकारी घरात आम्ही भाऊ वाढलो. घराबाहेर हिंदी, वडिलांशी मराठी आणि स्वयंपाकघरात कोकणी, अशी आमच्या जिभेची वाटणी होती. आईला लिहिण्याचा फारसा सराव नव्हता. परंतु तिच्या कंठात ओव्या होत्या. जात्यावरच्या, पाळण्याच्या, लग्नातील हळदीच्या, आणि काही अगदी जुन्या. १५६० साली श्रीमंगेशाचे लिंग कुशस्थळीहून नदीपार प्रियोळास नेले, ती हकीकत आम्ही इतिहासाच्या पुस्तकात पुढे वाचली. आईच्या ओव्यांत ती रात्र, ती होडी आणि तो काळोख आम्ही त्यापूर्वीच ऐकला होता.

माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणत असू, २०११ साली सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. मिळालेल्या पैशांतून त्यांनी पहिली खरेदी केली ती या लॅपटॉपची. आई तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांची होती. रोज सकाळी पूजा आटोपली की दादा तिच्यापुढे बसत. ती म्हणे आणि ते टंकलिखित करीत. कचेरीत हिंदी टंकयंत्रावर त्यांचा हात बसलेला होता, म्हणून त्याच कळांवर चालणारा कृतिदेव हा अक्षरसंच त्यांनी वापरला. तीन वर्षांत १४३ ओव्या झाल्या. मग आई गेली. २०२१ साली दादाही गेले. वहिनींनी लॅपटॉप कापडी पिशवीत घालून कपाटात ठेवला, आणि दर दसऱ्याला शस्त्रपूजेच्या पाटावर तो वह्या-पुस्तकांशेजारी मांडण्याचा प्रघात पडला.

गेल्या दसऱ्यानंतर भाच्याने तो उघडून पाहिला. कंपनीचे चिन्ह उमटले, त्यानंतर दुरुस्ती चालू आहे अशा अर्थाचा मजकूर आला, यंत्र बंद पडून आपोआप पुन्हा सुरू झाले, पुन्हा तोच मजकूर. घाण्याच्या बैलासारखे ते त्याच रिंगणात फिरत राहिले. यंत्र खरेदी करताना दादांनी कंपनीच्या सूचनेबरहुकूम चार डीव्हीडी तयार करून ठेवल्या होत्या. अशा प्रसंगी त्या क्रमाने आत सरकवाव्यात म्हणजे यंत्र पूर्ववत् होते, असे त्यांच्या वेष्टनावर दादांच्या सुबक अक्षरांत लिहिले होते. भाच्याने पहिली चकती तबकावर ठेवली आणि तबक आत लोटले. चकती घरघर फिरली, टक-टक असा आवाज झाला, आणि सारे थांबले. दहा वेळा प्रयत्न केला तरी तेच. चकती वाचणारे यंत्रच निकामी झाले होते. किल्ली हाती होती. पण कुलूप गंजले होते.

चकती वाचण्याची क्रिया फार नाजूक असते. लेसरचा बारीक किरण एका इवल्या भिंगातून चकतीवर पडतो आणि परत येणाऱ्या प्रकाशाच्या कमीजास्तपणावरून यंत्र अक्षरे ओळखते. लॅपटॉपात हे भिंग तबकावरच उघडे असते. तबक बाहेर आले की धूळ त्यावर बसावयास मोकळी. भोपाळात उन्हाळ्याची धूळ आणि पावसाळ्याची ओल या दोहोंना तोटा नाही. लेसरही कालांतराने मंदावतो. शिवाय घरी कोरलेल्या चकतीत मजकूर टिकतो तो एका रासायनिक रंगाच्या थरात, आणि तो थरही वयाबरोबर विटतो.

महाराणा प्रताप नगरात संगणकाची दुकाने ओळीने आहेत. त्यांपैकी एका दुकानात वहिनींना घेऊन गेलो. दुकानदाराने यंत्र उलटेपालटे केले आणि तो म्हणाला, बाहेरून जोडावयाचे डीव्हीडीचे यंत्र माझ्याजवळ आहे. या चार चकत्या त्यात घालतो, दोन तासांत लॅपटॉप नव्यासारखा. मी विचारले, आतील लिखाण? तो म्हणाला, ते राहणार नाही. चकत्या यंत्राला कारखान्यातून निघालेल्या दिवशी जसे होते तसे करतात. वहिनी इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी लॅपटॉप उचलून पिशवीत घातला आणि मला कोकणीत म्हणाल्या, “मोडलां तें मोडूं, भावजी. पूण मांयच्यो ओव्यो जाय.”

घरी परत येताना रिक्षात माझ्या मनात जो विचार आला, त्याने अंगावर काटा उभा राहिला. भाच्याने पहिल्या दिवशीच ती चकती घातली होती. भिंग शाबूत असते, तर चकती वाचली गेली असती. पडद्यावर एक इशारा आला असता आणि तो वाचून न वाचून कोणीही होकाराची कळ दाबली असती. पुढल्या दोन तासांत आईच्या ओव्यांवरून कारखान्याचा बोळा फिरला असता. ज्या बिघाडाला आम्ही दोष देत होतो, त्याने आम्हाला थांबविले होते. दुरुस्तीचे साधन हाताशी असणे आणि दुरुस्तीचा विचार झालेला असणे या दोन गोष्टी अगदी निराळ्या आहेत.

आमच्या शेजारी एक मुलगी राहते. ती अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. वहिनींनी तिला हाक मारली. तिने यंत्र पाहिले आणि पहिले वाक्य बोलली ते असे: “अंकल, पहले देख तो लें कि बिगड़ा क्या है।” वैद्याने नाडीला हात लावावा तसे मला ते वाटले. तिने जे समजावून सांगितले ते मी माझ्या शब्दांत मांडतो.

संगणक हे एक घर मानले, तर त्याचे तीन भाग आहेत. पहिला भाग यंत्राचा, म्हणजे भिंती, वासे, कौले. दुसरा ऑपरेटिंग सिस्टीमचा; घराचा कारभारी तो. कोणाला कोठे बसवावे, कोणती वस्तू कोठून आणावी, हे सारे तो पाहतो. तिसरा भाग आपल्या लिखाणाचा, म्हणजे पेटीतील ठेव. कारभारी आजारी पडला म्हणजे पेटी नाहीशी झाली असे होत नाही. पेटीपर्यंत नेणारे कोणी उरत नाही, इतकेच. दुकानदार कारभारी नवा आणण्यासाठी सगळे घर रिकामे करावयास निघाला होता. मुलीने म्हटले, आपण बाहेरून एक परका कारभारी थोड्या वेळापुरता बोलावू. तो कोणत्याही वस्तूची हलवाहलव करणार नाही. फक्त पेटी उचलून आपल्या हाती देईल.

परंतु असा परका कारभारी आत शिरावा कोठून? येथे संगणकाच्या जागे होण्याची रीत समजून घेतली पाहिजे. इंग्रजीत या क्रियेला ‘बूट’ म्हणतात. आपल्याच बुटांचे पट्टे धरून आपणच आपल्याला उचलावयाचे, अशा अर्थाच्या एका जुन्या शब्दाचा तो तुकडा आहे. कितीही तरबेज नट असला तरी त्याला स्वतःच्या खांद्यावर चढता येत नाही, असे आपले शास्त्रकार म्हणत आले आहेत. संगणकाची अडचण तंतोतंत हीच. प्रोग्राम स्मरणात आणावयास प्रोग्राम लागतो. मग पहिला प्रोग्राम आणणार कोण? त्यासाठी यंत्राच्या मुख्य पाटीवर एका चिपेत थोड्या सूचना कायमच्या कोरून ठेवलेल्या असतात. १९८१ सालच्या आयबीएमच्या संगणकापासून तिला बायॉस म्हणत. आता यूईएफआय नावाची तिची मोठी बहीण आली आहे. वीज येताच ही चिप आपली गात्रे तपासते आणि ठरलेल्या क्रमाने एकेक दार ठोठावते: चकतीचे यंत्र, आतील हार्ड डिस्क, यूएसबीचे भोक. आमच्या यंत्रासारख्या जुन्या रीतीच्या संगणकात ती हार्ड डिस्कची किंवा पेनड्राइव्हची पहिली ५१२ बाइट वाचते आणि तिच्या शेवटी ठरावीक खूण आहे का ते पाहते. खूण सापडली की कारभार त्या ठिकाणच्या प्रोग्रामाच्या स्वाधीन.

चकतीवरून यंत्र जागे करण्याची रीतही एके काळी नवी होती. १९९५ साली आयबीएम आणि फीनिक्स या कंपन्यांनी तिचे नियम ठरविले, ‘एल तोरितो’ या मौजेच्या नावाने. पुढील पंधरावीस वर्षे तिचे राज्य चालले. २००८ साली अ‍ॅपलने चकतीचे यंत्रच नसलेला पातळ लॅपटॉप बाजारात आणला, आणि हळूहळू बहुतेकांनी तोच मार्ग धरला. म्हणजे आमच्या घरी बिघाडाने जी स्थिती आली, ती आज नव्या यंत्रांची जन्मस्थिती आहे. चकती नाही म्हणून कोणाचे अडत नाही. कारण तेच काम आता पेनड्राइव्ह करतो.

मुलीने आठ गिगाबाइटचा एक पेनड्राइव्ह आणला. त्यावर तिने डेबियन नावाची ऑपरेटिंग सिस्टीम उतरविली. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिण्यास आरंभ केला. १९९३ पासून जगभरचे स्वयंसेवक त्या गाभ्यावर डेबियन उभारीत आले आहेत. ती विनामूल्य आहे, आणि तिची घडण कोणालाही पाहता येते. आपल्या सीडॅक संस्थेने २००७ साली ‘बॉस’ या नावाने जी भारतीय प्रणाली दिली, तिचा पायाही डेबियनच.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. उतरवून घेतलेली आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती ठेवली, तर यंत्र तिच्याने जागे होत नाही. ते म्हणजे देवळाचा नकाशा गुंडाळून देवळाच्या जागी ठेवण्यासारखे झाले. त्या फाइलीतील रचना पेनड्राइव्हच्या पहिल्या बाइटपासून जशीच्या तशी उतरली पाहिजे, तेव्हाच चिपेला तिची खूण सापडते. हे करणारे रूफससारखे लहान प्रोग्राम फुकट मिळतात. या क्रियेत पेनड्राइव्हवर पूर्वी असलेले सर्व पुसले जाते. म्हणून तो रिकामा आहे ना, हे आधी पाहावे. फाइल उतरल्यावर मुलीने तिचा एसएचए-२५६ हा लांबलचक अंकही ताडून पाहिला. वाटेत एक अक्षर जरी बदलले तरी हा अंक साफ बदलतो. सोनाराने कसोटीवर रेघ ओढावी तशी ती परीक्षा आहे.

यंत्र सुरू करताना एफ-१२, एफ-९, एस्केप अशांपैकी एखादी कळ दाबली की चिप दार निवडू देते. प्रत्येक कंपनीची कळ वेगळी; आमच्या यंत्राची तिसऱ्या खेपेस सापडली. यादीतून पेनड्राइव्ह निवडला आणि दोन-तीन मिनिटांत निळसर पडदा उजळला. परका कारभारी आला होता. त्याचा मुक्काम सारा तात्पुरत्या स्मरणात. आतील हार्ड डिस्कवर त्याने एक अक्षरही लिहिले नव्हते. मला त्या क्षणी कलशाची आठवण झाली.

डिस्कची प्रकृती मात्र चांगली नव्हती. प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या दुखण्यांची नोंद ठेवते. ती वाचून मुलगी गंभीर झाली. पृष्ठभागावरील कितीतरी जागा वाचता येईनाशा झाल्या होत्या आणि त्यांची संख्या वाढती असावी. म्हणजे कारभारी आजारी पडला होता तो घराचा वासाच कुजल्यामुळे. अशा डिस्कवर नवी प्रणाली बसविणे म्हणजे कुजक्या वाशावर नवी कौले चढविणे. एकेक फाइल उघडून पाहण्याचा मोहही तिने आवरावयास सांगितला. कारण दुखऱ्या डिस्कला प्रत्येक फेरी जड जाते. तिने एक टेराबाइटची बाहेरची डिस्क जोडली आणि डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रामाने सबंध डिस्कची नक्कल घेण्यास आरंभ केला. या प्रोग्रामाची चाल शहाण्या माणसाची आहे. वाट अडली तेथे तो डोके आपटीत बसत नाही. आधी जे जे सुखाने वाचता येते ते सारे वाचून घेतो, अडलेल्या जागांची टिपणे ठेवतो, आणि शेवटी त्यांच्याकडे पुन्हा वळून थोडे थोडे ओढून काढतो.

ती क्रिया रात्रभर चालली. वहिनी दिवाणखान्यातच अंथरूण घालून झोपल्या. खरे म्हणजे झोपल्या नाहीत. मध्यरात्री मी पाणी पिण्यास उठलो तेव्हा त्या पडद्यावरील आकड्यांकडे पाहत बसल्या होत्या. त्यांना त्यातील काही कळत नव्हते. मी म्हटले, वहिनी, निजा आता. त्या म्हणाल्या, “मांय निमाणे दीस हांवच लागीं आशिल्लें. आयजूय बसतां.” आईच्या शेवटच्या आजारात रात्रीमागून रात्री त्यांनीच जागून काढल्या होत्या. मीही खुर्ची ओढून बसलो.

सकाळी नक्कल पुरी झाली. डिस्कचा फारच थोडा भाग वाचावयाचा राहिला होता. नकलेतून दादांचा संग्रह उघडला आणि पडद्यावर आली ती निव्वळ इंग्रजी अक्षरांची खिचडी. वहिनींचा चेहरा उतरला. परंतु ही खिचडी म्हणजे नाश नव्हे. कृतिदेवासारखे जुने अक्षरसंच एक युक्ती करीत. संगणकाला ठाऊक असे इंग्रजीच. त्या अक्षरांना नुसता नागरी मुखवटा चढवावयाचा. आत ‘डी’ असे, दिसे ‘क’. मुखवटा काढला की खालचा चेहरा उघडा पडतो. दादांच्या डिस्कवरून तो अक्षरसंच नव्या जागी आणताच ओव्या दिसू लागल्या. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला.

पण मुखवट्यावर किती दिवस काढावयाचे? यूनिकोडमध्ये १९९१ सालापासून नागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा अंक आहे. २००० साली विंडोजमध्ये नागरी आली. तिच्याबरोबर येणारा ‘मंगल’ हा अक्षरसंच आपल्या र. कृ. जोशींनी रेखलेला. म्हणून ओव्या यूनिकोडात आणण्याचे ठरले. येथे लिपीचे एक मर्म मला नव्याने कळले. जुन्या अक्षरसंचात मजकूर डोळ्यांना दिसतो त्या क्रमाने साठविलेला असतो, यूनिकोडात तो उच्चाराच्या क्रमाने. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी काढतात म्हणून जुन्या संचात ती आधी. यूनिकोडात क आधी आणि वेलांटी नंतर. ‘कर्म’ शब्दात रफार म वर दिसतो म्हणून जुन्या संचात र शेवटी. यूनिकोडात तो उच्चाराप्रमाणे मच्या अगोदर. म्हणजे हाताचे लेखन कानाच्या हवाली करावयाचे होते. परिवर्तक प्रोग्राम बरेच काम करतो. परंतु ‘वाऱ्यावर’सारख्या शब्दांतील अर्धा र दादांनी जुन्या संचात रफार देऊन भागविला होता, तो हाताने सुधारावा लागला. कोकणीतील अनुस्वार तर जागोजाग तपासावे लागले.

ती तपासणी वहिनींनी केली. मी एकेक ओवी मोठ्याने वाचावी आणि त्यांनी डोळे मिटून ऐकावी. चाळीस वर्षे त्यांनी त्या सासूच्या तोंडून ऐकल्या होत्या. कोठे शब्द चुकला तर त्या वाचनाने थांबवीत नसत. स्वतः ती ओवी म्हणून दाखवीत. दोन पाने डिस्कच्या न वाचलेल्या भागात सापडली होती; त्यांवर सात ओव्या होत्या. चार वहिनींना तोंडपाठ निघाल्या. तीन गेल्या त्या गेल्याच. ज्या कंठात त्या होत्या तो कंठ नाही आणि ज्या डिस्कवर त्या होत्या ती डिस्कही नाही. १४० राहिल्या याचे समाधान मानावयाचे, आणि तीन गेल्या हे विसरावयाचे नाही.

जीर्णोद्धाराचे पुढचे काम त्यानंतर केले, आणि ते अर्ध्या दिवसात संपले. जुनी डिस्क काढून त्या जागी फिरते भाग नसलेली नवी डिस्क बसविली. विंडोज पुन्हा घालावी का, याचा विचार झाला. दादांच्या वेळच्या विंडोज सातचे पालनपोषण कंपनीने १४ जानेवारी २०२० रोजी थांबविले. विंडोज दहाचे सर्वसाधारण पालनही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. आणि अकराव्या आवृत्तीला जी सुरक्षेची चिप लागते ती या जुन्या यंत्रात नाही. म्हणून त्याच पेनड्राइव्हवरून डेबियन कायमची बसविली. प्रस्थापनेच्या वेळी भाषांच्या यादीत मराठीचे नाव होते, ते निवडले. अर्ध्या तासात यंत्र मराठीतून बोलू लागले. पुष्कळांचे काम विंडोजवाचून चालत नाही. नव्या यंत्रावर तीही याच मार्गाने, पेनड्राइव्हवरून बसविता येते. तिची एखादी फाइल चार गिगाबाइटहून मोठी असली तर जुन्या फॅट-३२ मांडणीत ती मावत नाही. कंपनीचे स्वतःचे साधन किंवा रूफस ती अडचण परस्पर सोडवितात. क्रम मात्र बदलू नये. आधी कलश, मग चिरा.

मुलीला काय द्यावे हा प्रश्न वहिनींनी सोडविला. पैसे तिने घेतले नसते. वहिनींनी तिला खतखते करून वाढले आणि जेवताना एक पाळण्याची ओवी म्हणून दाखविली. तिला कोकणी कळत नाही. तिने ती आपल्या फोनवर ध्वनिमुद्रित करून घेतली आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, आंटी, बाकीच्याही म्हणा. तेव्हापासून दर रविवारी दहा ओव्या मुद्रित होत आहेत. टंकलिखित ओवीत शब्द राहतो, पण चाल राहत नाही. ती चाल आता राहील. दादांच्या मनात हे नसेल असे नाही. त्यांना वेळ मिळाला नाही.

आज त्या १४० ओव्यांच्या तीन प्रती आहेत. एक भोपाळला त्याच लॅपटॉपात, दुसरी गोव्यास पुतणीच्या घरी वेगळ्या डिस्कवर, आणि तिसरी कागदावर छापून वहिनींच्या देवघरात. तीन प्रती, दोन गावे आणि एक कागद, हा हिशेब मी पुरेसा मानतो.

वाचकांस एक विनंती आहे. आपल्या समाजात पुष्कळ घरी अशी यंत्रे कपाटांत पडून आहेत. कोणाच्या वडिलांनी देवस्थानाच्या वहिवाटीची टिपणे त्यांत ठेवली असतील, कोणी वंशावळ जुळविली असेल, कोणी आजीच्या पाककृती आणि आरत्या उतरवून घेतल्या असतील. चकत्या विटत आहेत, डिस्का थकत आहेत, जुने अक्षरसंच परके होत आहेत, आणि हे सारे कानाने ओळखणारी माणसे वर्षागणिक कमी होत आहेत. यंत्र बंद पडेल तेव्हा पाहू, असे म्हणू नये. ते चालू आहे तोवरच, घरातील वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून, एकदा उघडावे आणि आतील ठेव बाहेर काढून घ्यावी. दुरुस्ती करणारे पुष्कळ भेटतात. हा शब्द चुकला, तो असा नाही, असे सांगणारे माणूस घरात आहे, तोपर्यंतच त्या दुरुस्तीला अर्थ आहे.